पंचफुलाच्या घरातला दुसरा ऑटो

"ऑटो लावाचा नाई म्हंजे नाई!"

"कायले नाई? साऱ्या गावानं लावला."

"साऱ्या गावाले पुसून मी तुमच्यासंग लगन नाई केलं."

पंचफुलाच्या आणि माझ्या घरात मातीची एकच भिंत. तिनं तिकडे कांदा चिरला की डोळे माझे झोंबायचे. त्यामुळे हे भांडण मी कान लावून ऐकलं असं कोणी म्हणू नये. ते माझ्याच चुलीपाशी झालं असं धरा.

हा ऑटो म्हणजे पवनीला नेतो तो तीन चाकांचा नव्हे. मोटारीच्या पेटीत बसवायची एक चीज असते. शेतीची लाईट आमच्या आसगावात रुसलेल्या जावयासारखी, कधी येईल आणि कधी उठून जाईल त्याचा नेम नाही. ती आली की वावरात जाऊन पेटीचं हिरवं बटन दाबायचं, तेव्हा मोटार पाणी फेकते. ऑटो बसवला की जायचं काम नाही. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू.

पंचफुलाचा नवरा तेजराम हसून म्हणत होता, "अंधारात लाईट येते, अन् तवाच जंगलातून वाघ येते. मी बटन दाबाले जाऊ का त्याच्या पंगतीले बसाले जाऊ?"

"वाघ आला तं दिसते तरी. आपोआप सुरू होनारी चीज आपल्याले पुसून सुरू होत नाई."

"येवढी कोठं शिकली व तू?"

"तुमच्या घरी येऊन शिकली. येथं सारं न पुसताच होते."

मी भिंतीअलीकडे पदर तोंडात कोंबून हसले. तेजरामनं ऑटो लावला. नवरे लावतातच.

मग एका उन्हाळी धानाच्या हंगामात पेटीपासून मोटारीकडे जाणाऱ्या वायरचा जोड ढिला झाला. लाईट गेलेली होती, म्हणून तेजराम ओल्या पायानं बांधीत, धानाच्या पाणी भरलेल्या तुकड्यात, उभा राहून तो जोड हातानं बांधायला लागला. ऑटो नसता तर लाईट येऊनही ती वायर मुकी राहिली असती, कोणी बटन दाबेपर्यंत. लाईट आली. ऑटो आपल्या कामाला चुकला नाही.

लाईनमन आला, पेटी उघडून पाहिली आणि मान हलवून म्हणाला, "माल एकदम बढिया होता. झटक्यात पकडली पाहा मोटार." पंचफुला समोरच बसली होती.

तेजरामच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पंगत उठली. शेजारच्या वावराचा गोपीचंद हात धुऊन, हात जोडून तिच्यापुढे उभा राहिला. "वहिनी, तो ऑटो आता तुमच्या कामाचा नाई ना?" पंचफुलानं पेटीतून काढून त्याच्या हातावर ठेवला. तो अजून चालतो. गोपीचंद सांगतो, असा माल आता येत नाही म्हणून.

त्यानंतर पंचफुलानं मोटार हातानंच सुरू केली. वावर तिच्या घरामागेच, सांदवाडी, म्हणजे परसातली भाजीची वाडी, संपली की बांधी. लाईट आली की उठायची, मग ताटावर बसलेली असो की अंगात ताप असो. बटन दाबायची, फावडं घेऊन धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, तोंड उघडायची, एक बांधी भरली की ते बुजवून दुसरीचं उघडायची. पाणी कधी गोपीचंदाच्या वावरात गेलं नाही. धानाच्या रोवण्याला बाया तिच्या शेजारी वाकायला भ्यायच्या. तिचा हात चालायचा तसंच तोंड. पण तिला जे एकच लेकरू होतं त्या धम्मदीपवर ते तोंड कधी चाललं नाही. त्याला तिनं शिकवलं, पवनीत, मग नागपुरात. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, तिथलीच नोकरीवाली रश्मी केली, लेक मनाली झाली.

त्याचा फोन आधी रोज यायचा. मग इतवारी. मग इतवार लांबत गेला. पंचफुला सांगायची, "मोठ्या कंपनीत इतवार उशिरा येते." मी हाव म्हणायची. मोठ्या कंपनीतलं मला काय ठाऊक.

तिचे गुडघे धरले तेव्हा तो चौदा एप्रिलच्या जयंतीला आला होता. येताना साबणाच्या वडीएवढा एक डबा घेऊन आला.

"हा कॉम्प्युटर हाये, माय."

"येवढासा? कंपनीचा तुह्यावर भरोसा नाई दिसत."

त्यानं डबा छपरीतल्या फळीवर ठेवला, मोटारीपर्यंत वायर नेली, खांबाला एक कॅमेरा लावला मोटारीकडे तोंड करून. आता तो पुण्यात बसून मोटार सुरू करणार, बंद करणार. मायनं फक्त फावडं धरायचं. मी दारात बसून पाहत होते. तो मायला समजावत होता आणि मला फुकटात समजत होतं.

"लाईट गेली का हा डब्बा झोपते. आली का उठते. पन मी पुन्यावरून याच्या आत येतो ना, ते दार उठल्यावर बंदच रायते. ते येथूनच कोनी खोलाव लागते. नाई तं असं करतो, येक ओळ लिहून ठेवतो. डब्बा उठला का दार बी आपोआप उघडन. ऑटो समज."

पंचफुला तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"माह्या घरात ऑटो नोको."

धम्मदीपनं भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे पाहिलं. म्हणाला, "बरं. मंग तूच खोलत जा."

त्यानं डब्याला बटनांची एक लहानशी पाटी जोडली. डब्याला म्हणे शेवटचा हुकूम ध्यानात राहतो. वर जाणारा बाण दाबला की तो हुकूम समोर येतो, आणि कडेचं मोठं बटन दाबलं की चालतो. तेवढ्यानं दार उघडतं. पंचफुलाला बाण आणि बटन त्या गर्दीत सापडेना. ती उठून आरशामागून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. तेजराम गेल्यापासून ते तसंच पडलेलं होतं. बाणावर लाल टिकली लावली, मोठ्या बटनावर हिरवी.

"पयले लाल, मंग हिरवी," ती म्हणाली.

"हाव. तू तं इंजिनीअर झाली, माय."

आणि बाई, त्या दोन टिकल्यांनी तिचे दिवस फिरवले.

लाईट गेली की पुण्यातल्या पोराला दार बंद दिसायचं. मग फोन वाजायचा. कितीही मोठं काम असो, वाजायचाच. मला भिंतीपलीकडून दोन्हीकडचं ऐकू यायचं, कारण पंचफुला फोनचा भोंगा लावून बोलत असे.

"माय, लाईट आली का?"

"आली ना बाबू. जेवला का?"

"जेवलो. दाब बरं."

"काय जेवला?"

"माय, दाब ना व."

"दाबून राहिली. मनालीचा दात हालत होता, तो पडला का?"

"पडला. दाबलं का?"

"चष्मा कोठं गेला माहा, पाह्य."

चष्मा नाकावर. मी पाहिलेला.

पहिल्या महिन्यात ती आधी दाबायची, मग बोलायची. दार उघडलं की पोरगा "आलो आत" म्हणून फोन ठेवून द्यायचा. मग तिला अक्कल आली. आधी बोलायचं, मग दाबायचं. "दाबेस्तोवर कोठी जात नाई तो," ती मला सांगायची आणि टिकली दाबायचं बोट नाचवायची. पावसाळ्यात तिची चंगळ. आभाळ दाटलं की गाव दळण उरकायला धावायचं, हिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मेघ गरजला की केस विंचरून बसायची.

तिकडे धम्मदीपलाही सवय लागली. तो एकदा मलाच म्हणाला, "मावशी, लाईट गेल्यावर दार पुन्हा उघडलं का मले समजते, माय उठली, चालली, तिची तब्येत बरी हाये. येगळं इचाराव लागत नाई." मायलेकरांत असा तो डबा बसलेला. एकाचं बोट, दुसऱ्याचा डोळा.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग गावात नवा ट्रान्सफॉर्मर आला. लाईट जायचीच थांबली. लोकांनी नारळ फोडला, शेव-चिवडा वाटला. पंचफुलानं आपल्या वाट्याचा चिवडा माझ्या कोंबड्यांना टाकला.

त्यानंतर एकदा माझ्या घरी पंखा फिरत होता आणि भिंतीपलीकडे पंचफुला फोनवर सांगत होती, "लाईट नव्हती ना बाबू."

मी भिंत ठोकली. "काहून व पंचफुला? तुह्या येकटीच्याच घरची लाईट जाते?"

"तू आपल्या पंख्याची हवा खा," ती म्हणाली.

ती डब्याची पिन काढून ठेवायची. भात शिजेपर्यंत बाहेर, मग परत आत. फोन वाजायचा. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. चोराला हात आवरत नाही.

तिथं गोपीचंद आडवा आला. धम्मदीपनं त्याला फोन करून विचारलं, आमच्या घरची लाईट इतकी काहून जाते म्हणून. गोपीचंदानं खरं ते सांगितलं. त्याला खरं सांगायची फार आवड, दुसऱ्याचं असलं म्हणजे.

धम्मदीप आला. बॅग छपरीत टाकली, पाणीही प्यायला नाही.

"माय, तू वायर उपटते?"

पंचफुलानं पाण्याचा गडवा त्याच्यापुढे सरकवला.

"तुले बोलाचं होतं तं तू लावाचा ना फोन!"

"मी लावला तं बाई बोलते."

"कोन बाई?"

"तेच. थोडी देर बाद कोशिश कीजिए म्हनते ते."

"मी कामात असतो, माय."

"डब्बा बंद पडला का उठते ना कामातून."

यावर तो ओरडला. "अरे, साऱ्या कंपनीसमोर मी मिटिंग सोडून उठतो! कायले? तुह्या दोन बांध्याच्या धानापायी! माह्या भरोशाचा खेळ मांडला तू. लोकाईच्या माया मरून जातात तरी पोराईले येवढा तरास देत नाई."

भिंतीअलीकडे माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. पंचफुला म्हणाली, "चहा मांडू का?"

चहा होईपर्यंत त्यानं ती एक ओळ लिहिली. काही मोठं काम नव्हतं. तिचं दूध उतू जायच्या आत झालं. मग पिन बोर्डात घालून वरून चिकटपट्टी गुंडाळली, पुन्हा गुंडाळली.

"झालं. आता लाईट जाओ का येओ, डब्बा उठला का दार आपोआप उघडन. तुले उठाचं काम नाई."

पंचफुला फोटोकडे पाहत होती.

त्याला आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. जवळ येऊन म्हणाला, "ह्या ऑटोनं कोनी मरत नाई, माय."

तो बटनांची पाटी काढायला लागला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे ते. टिकल्यावालं. शोभते." त्यानं राहू दिली. संध्याकाळच्या गाडीनं गेला.

मग फोन वाजला नाही. वाजायला कारणच उरलं नव्हतं. मोटार आपल्या टायमावर सुरू व्हायची, आपल्या टायमावर बंद. पंचफुला फावडं घेऊन गुडघे धरत धुऱ्यावर जायची, बांधीचं तोंड उघडायची, बुजवायची. कॅमेऱ्यात मोटार दिसायची, धुरा दिसायचा नाही. तिला ते ठाऊक होतं. तरी जाताना ती मोटारीच्या पुढून फेरा घेऊन जायची, पदर नीट करून. मी म्हटलं, हा उलटा रस्ता कायले? म्हणाली, "इकडं चिखल कमी हाये." चिखल तिकडेच जास्त होता.

माघ सरता सरता माझ्या लेकीनं, रेणूनं, सिहोऱ्याला बोलावलं. मी गेले. तिच्याकडे राहून परत आले तर मोहल्ल्याच्या तोंडाशी माणसं उभी. गोपीचंद मधोमध, आणि पहिल्यांदाच त्याला सांगायची आवड नव्हती. तरी सांगत होता.

झालं असं. गोपीचंदाच्या वावरात लाखोरी, लाखेची डाळ होते ती, कापून पडली होती, गोळा करायची राहिली होती. सकाळी तो गेला तर सारी पाण्यात. पंचफुलाच्या बांध्या भरून धुऱ्यावरून पाणी त्याच्याकडे वाहत होतं, आणि तिची मोटार धडाधडा सुरू. आदल्या दिवशीही सुरू झाली होती, आणि तेव्हापासून धुऱ्याचं तोंड कोणी बुजवलं नव्हतं. हा तसाच चिखलाच्या पायानं भांडायला आला. पंचफुला छपरीत खांबाला टेकून बसलेली, मांडीवर सूप.

"फुकटचं पानी झालं का व पंचफुला? माही लाखोरी सडवली!"

ती बोलली नाही. जी बाई एका शब्दाला चार परत करायची ती गप्प बसली, म्हणून हा आणखी पेटला. "बयरी झाली का? पोट्टा पुन्यात बसून बटन दाबते अन् येथं माय राणी बनून बसते!" तिला बोलला, पोराला बोलला, मेलेल्या तेजरामलाही सोडलं नाही. गळा बसेपर्यंत बोलला. शेजारपाजारच्या बाया ऐकत होत्या, पण त्या दोघांच्या मध्ये कोण पडणार? शेवटी माझी लाल कोंबडी आली, पंचफुलाच्या मांडीवर चढली आणि सुपातली कणी टिपायला लागली. पंचफुलानं तिला हाकललं नाही. तेव्हा गोपीचंद थांबला.

डॉक्टर म्हणाला, आदल्या सकाळी गेली असावी. छाती बंद पडली.

मधल्या वेळात लाईट दोनदा जाऊन आली होती. ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती चालू होती. दोन्ही वेळा डबा झोपला, उठला आणि त्यानं दार उघडलं. पुण्यातल्या पोरानं पाहिलं, दार उघडं आहे. त्यानं टायमावर मोटार सुरू केली, कॅमेऱ्यात पाणी पाहिलं, कामाला लागला. गोपीचंदानं फोन केला तेव्हा त्यानं मोटार तिथूनच बंद केली आणि मग निघाला.

मातीहून परत आल्यावर तो छपरीत त्याच खांबापाशी बसला. मी पाणी दिलं.

"मावशी, मले वाटलं दार उघडं हाये, तं माय हाये."

ज्यानं आपल्या हातानं मायचं बोट त्यातून काढून घेतलं, त्याला ते बोट तिथंच दिसत राहिलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पंगत उठली. गोपीचंद हात धुऊन, हात जोडून धम्मदीपपुढे उभा राहिला. आता तो म्हातारा झाला आहे, आवाजही नरम.

"भाऊ, तो डब्बा आता तुह्या कामाचा नाई ना?"

मी पाहत होते. धम्मदीपनं चिकटपट्टी सोडवली. तिला वेळ लागला, त्यानंच घट्ट गुंडाळली होती. डबा पाटीसकट काढून गोपीचंदाच्या हातावर ठेवला. बटनांची पाटी गोपीचंदानं परत केली. "हे नोको. आपोआप चालते ना ते." ती आता माझ्याकडे आहे, मिठाच्या बरणीमागे. लाल टिकलीचा रंग उडाला आहे. बोट लागून लागून.

मी सिहोऱ्याला निघाले ती सकाळ सांगायची राहिली. पिशवी घेऊन पंचफुलाच्या दारात उभी होते. लाईट नव्हती. ती चुलीपुढे बसून माझ्या कोंबड्यांसाठी कणी पाखडत होती, कारण मी नसताना दाणे टाकायचं काम तिचं.

"लाल कोंबडी चोट्टी हाये," मी सांगत होते, "दुसऱ्याईले खाऊ देत नाई. तिले येगळं..."

पंखा फिरला. लाईट आली.

पंचफुलानं सूप खाली ठेवलं. माझं बोलणं तोंडातच राहिलं. दोन्ही हातांनी गुडघे दाबून उठली, भिंत धरत फळीपाशी गेली, पदरानं बोट पुसलं. लाल टिकली दाबली. मग हिरवी. मग फोन तळहातावर घेऊन उभी राहिली.

"बाई, ते आता आपोआप उघडते ना व," मी म्हटलं.

"ठाऊक हाये."

"मंग कायले उठली?"

"दार उघडं असलं तरी आपलं मानूस आत येते तवा घरच्यानं उठाव लागते."

ती उभी राहिली. डब्याला उठायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. फोन वाजला नाही. तिनं तो कमरेला खोचला, येऊन पुन्हा चुलीपुढे बसली आणि सूप मांडीवर घेतलं.

"निंग आता. गाडी सुटन तुही. तुह्या चोट्टीचं मी पाहीन."